उजवा खांदा, दोन सूत

शिंपीमास्तरांच्या मते माणसाच्या अंगात दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात: हो-नाहीच्या आणि टेपच्या. कानाची पाळी एक तर गालाला चिकटलेली, नाहीतर सुटी. अधलंमधलं काही नाही. उंचीचं तसं नसतं. कुठल्याही दोन उंच्यांच्या मध्ये तिसरी उंची घेऊन कुणीतरी दुकानात टपकतंच.

त्यांची लेक कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत बसून हे ऐकायची. काय दिवस होते ते. इस्त्रीची ऊब, खडूची भुकटी आणि वर बाबांची अखंड टकळी. पुढे ती शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली, तेव्हा पुस्तकातले जडजंबाल शब्द गेले चुलीत म्हणून तिनेही वर्गात चक्क 'हो-नाही' आणि 'टेप' असंच सांगितलं. मुलांच्या डोक्यात लख्ख उतरायचं.

आता मास्तरांची आठवण पार उसवली होती. चार महिने झाले, ते लेकीला गिऱ्हाईक समजून "या बाई, बसा" म्हणत. ऊठसूट रडणाऱ्यातली ती नव्हे, पण ते 'बाई' तिला सुईसारखं टोचायचं. एकदा, फक्त एकदा त्यांनी आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या दुपारी तिने केस मागे सारून कान पुढे केला. "बघा, पाळी चिकटलेली. अगदी तुमच्यासारखी."

"अहो बाई, हे हो-नाहीचं," मास्तर म्हणाले. "अशी कितीतरी जणांची असते."

घ्या. त्यांचंच शास्त्र तिच्या अंगावर आलं. ती हिरमुसली, पण खमकी होती. खुंटीवरची जुनी टेप तिने त्यांच्या हातात दिली आणि पाठमोरी उभी राहिली. "कोट शिवायचाय. माप घ्या."

टेप हातात येताच मास्तर सवयीने मापं घेऊ लागले. कमरेपासून डावा खांदा. कमरेपासून उजवा. मग पुन्हा उजवा.

"दोन सूत खाली," मास्तर पुटपुटले.

दोन सूत म्हणजे जेमतेम पाव इंच. हे काही रक्तातून आलेलं नव्हतं. शाळेत असताना सगळी वर्षं एकाच खांद्यावर दप्तर लटकवून तिने ते स्वतः कमावलं होतं, आणि त्यापायी रोज बोलणीही खाल्ली होती.

टेप खाली पडली. तिच्या उजव्या खांद्यावर तळहात टेकला.

"गधडे, किती वेळा सांगितलं, दप्तर दोन्ही खांद्यांवर घे म्हणून?"

"हो बाबा," पंचावन्न वर्षांची लेक म्हणाली, आणि तिने तो खांदा जराही हलू दिला नाही.