पाच मिनिटांचा विषय

सून फ्रिजशी बोलत होती, आणि अक्कांना ते अजिबात खपत नव्हतं. घरात जिवंत सासू बसलेली असताना बाईनं फ्रिजच्या दारापुढे उभं राहावं, घसा खाकरावा, हात हलवावेत, "नमस्कार, आज मी आपल्याला" म्हणावं आणि तिथंच अडकून बसावं, ही कुठली रीत?

"त्याला ऐकू येतं का गं?" अक्कांनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"कुणाला?"

"फ्रिजला. मघापासून नमस्कारावर नमस्कार घालतेयस. त्यानं एकदाही घेतला नाही."

सून हसली नाही. नवरा गेल्यावर ती दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली होती. कायम व्हायचं तर प्रशिक्षण पुरं करायला हवं होतं, आणि त्याच्या शेवटी प्रत्येकीनं सगळ्यांपुढे पाच मिनिटं भाषण करायचं होतं. गोष्ट नाही, उपदेश नाही, माहिती. ऐकणाऱ्याच्या पदरात त्याला आधी ठाऊक नसलेलं काहीतरी पडलं पाहिजे, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. भाषण उद्यावर आलं तरी हिच्या विषयाचा पत्ता नव्हता. 'पाणी वाचवा' बाईंनी परत पाठवला. ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं म्हणाल्या. 'हात कसे धुवावेत' दुसऱ्या एकीनं आधीच उचललेला. म्हणून आता मोबाइलमधून मधमाशी काढली होती.

"मधमाशी तू जन्मात कधी जवळून बघितलीस?"

"लहानपणी एकदा चावली होती."

"मग तेवढंच सांग. लवकर घरी येशील."

"अक्का, चेष्टा नका करू ना. उद्यावर आलंय भाषण." सून फ्रिजला पाठ टेकून उभी राहिली. "सगळ्यांना काही ना काही येतं. मला काय येतं?"

अक्का काहीतरी खोचक बोलणार होत्या. पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"एक येतं," सून हळूच म्हणाली. "पण ते तुम्हाला चालायचं नाही."

"बोलून तर बघ."

"ह्यांच्याशी बोलायला यायचं मला."

अक्कांचा हात भाजीतच थांबला.

त्यांचा लेक घाऊक बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज पलीकडच्या गल्लीत झोपलेल्या माणसाला उठवायचा, आणि हे सांगताना अक्कांची मान अजूनही ताठ व्हायची. मग गळ्याचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास. आवाजावाचून तो या घरात दीड वर्ष जगला. ते दीड वर्ष अक्कांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. लेकाबद्दल त्या बोलत ते आवाजापर्यंतच. पुढचं कुणी विचारलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावायच्या.

"त्याचं दुखणं आता चव्हाट्यावर मांडणार?"

"नाही मांडत. मधमाशी आहेच की." सून लगेच मोबाइल उघडून बसली.

तिनं चार शब्द उलटून बोलायला हवे होते. हे असं मुकाट्यानं ऐकणं अक्कांना जास्त बोचलं. उद्या ही तिथं मधमाशीपाशी अडखळणार, बाया तोंडावर हात ठेवून हसणार, आणि नोकरी हातची जाणार.

"त्याचं नाव घेणार होतीस?"

"छे. एक रुग्ण, असं म्हणणार होते."

"म्हण बघू. अन् इकडे तोंड कर. फ्रिजला काय कळतंय?"

सुनेनं पदरानं हात पुसले. उभी राहिली.

"नमस्कार. ज्याचा आवाज गेलाय त्याच्याशी कसं बोलावं, हे मी सांगणार आहे. पहिली गोष्ट, त्याच्यासमोर बसावं, उजेडात बसावं. त्याचे ओठ आपल्याला दिसले पाहिजेत. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, हो किंवा नाही म्हणता येईल असा. चहा हवा की पाणी, असं विचारलं की तो कशाला मान हलवणार? तो पाटीवर लिहीत असेल तर अर्ध्यात ओळखून पुढचं आपण बोलून टाकू नये. राग येतो त्याला. शब्द त्याचा आहे, तो त्यालाच पुरा करू द्यावा."

कागद नव्हता, मोबाइल नव्हता. सून कुठंच अडखळली नाही. अक्का भाजी विसरून बघत राहिल्या. ही आपल्या घरात इतकं काही करत होती आणि आपल्याला दिसलं नव्हतं.

"आणि आवाज जातो तेव्हा कान जात नाहीत. पण लोकांना हे कळत नाही. आमच्या रुग्णाशी त्याचे..." सून क्षणभर थांबली. "त्याचे शेजारी फार मोठ्यानं बोलायचे. जेवलास का, हे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं विचारायचे. त्याला हसू फुटायचं. पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. अशा माणसाचं हसू खांद्यांत असतं. आवाज नसतो, खांदे हलतात. तिकडे बघावं."

पुढे ती गळ्यावरचं फडकं ओलसर कसं ठेवावं ते सांगत होती. अक्कांना त्यातलं काही ऐकू आलं नाही.

त्या रोज त्याच्या खाटेपाशी उभ्या राहून ओरडून विचारायच्या, जेवलास का रे. तो भिंतीकडे वळायचा, आणि त्याचे खांदे हलायला लागायचे. लेकाचं रडणं बघवत नाही म्हणून त्या तशाच आत निघून जायच्या. रोज.

"झालं," सून म्हणाली. "कसं वाटलं?"

"ते खांद्यांचं खरं आहे?"

"खरं आहे, अक्का," सून म्हणाली. " तुम्ही आत गेलात की मला नक्कल करून दाखवायचे. कमरेवर हात, मान ताठ, तोंड हे एवढं उघडलेलं. हुबेहूब. आणि मग मला खुणेनं सांगायचे, तिला सांगू नकोस, ओरडू दे तिला. बरं वाटतं म्हणायचे."

अक्कांनी निवडलेली भाजी आणि देठ एकत्रच टोपलीत टाकले. नंतर ते लक्षात आलं, पण पुन्हा निवडायला बसल्या नाहीत. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या.

"चांगलं बोलतेस," त्या शेवटी म्हणाल्या. नेहमीपेक्षा खूप खालच्या आवाजात. "मधमाशी दे सोडून. हेच बोल. पण एक खोटं बोललीस, ते मला चालायचं नाही. मी त्याची शेजारीण नव्हते. उद्या आई म्हण."