दांडा धरला की लागणारे दिवे

दादाने अट घातली होती. आज गाडीतले दिवे लागले तर बाबा गाडीत राहतील, नाही लागले तर सामान बांधून त्याच्या घरी. अट बाबांना घातली नव्हती, मला घातली होती. दिवे बाबांचे, म्हातारपण बाबांचं आणि परीक्षा माझी.

गाडी म्हणजे जुनी मिनीबस. बाबांनी जन्मभर बसगाड्या रंगवल्या. निवृत्त झाल्यावर ही घेतली, सीट उपटून आत पलंग, ओटा, कपाटं बसवली. आईला घेऊन फिरायचं होतं. थोडे फिरलेही. मग आई आजारी पडली, गाडी एका गोदामाच्या शेडखाली लागली ती लागलीच. आई त्यातल्याच पलंगावर गेली. शेडमध्ये भर दुपारीही आत काळोख असतो. त्या काळोखात परवा बाबा पडले आणि कपाळाला टाके पडले.

आई गेल्याचं दुःख कसं सोसलंस, असं लोक मला विचारतात. काही सोसलं नाही. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करते. कामावर गेले आणि एका मशीनचा पट्टा बदलला. अजून तसंच चाललंय.

बाबा स्टुलावर बसले होते. दादा दारात उभा होता, हातात स्वतःच्या कारची किल्ली खुळखुळवत.

"दिवे कधीपासून गेले?" मी विचारलं.

"तुझी आई होती तोवर लागायचे. ती गेली, दिवे गेले."

दादाने माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस? रोज हेच. डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

"तू दाखवून घे आधी," बाबा म्हणाले. "बटण दाबलं की दिवा लागतो असं समजणारा माणूस."

मी मीटर काढला. बॅटरी भरलेली. फ्यूज शाबूत. बटणातून करंट पुढे जात होता. एक दिवा काढून सरळ बॅटरीला लावला, लख्ख पेटला. सगळं ठीक आणि आत अंधार. आमच्या घराचं वर्णनच ते.

"झालं?" दादा म्हणाला. "तुझ्या वहिनीने खोली आवरून ठेवलीय."

"कुठली? इस्त्रीची?"

"खिडकी आहे तिला."

"मग इस्त्रीचे कपडे सुखात असतील," बाबा म्हणाले.

छताजवळची वायर बघायला मी पलंगावर चढले. तोल गेला म्हणून पलंगाशेजारचा दांडा धरला. आईला उठता-बसता यावं म्हणून बाबांनी तो आजारपणात बसवला होता. मी अंग टाकलं आणि दिवे लागले. सगळे. ओट्यावरचा, दाराचा, पलंगावरचा. दादाने डोळ्यांवर हात धरला.

मी दांडा सोडला. गेले.

पुन्हा धरला. लागले.

"सांगत होतो ना," बाबा म्हणाले. आवाजात विजय वगैरे काही नव्हता. हवामान सांगावं तसं बोलले.

मी खाली वाकून दांड्याचा पाया बघितला. गाडीत करंट एका वायरने दिव्याकडे जातो आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो. दिव्यांची परतीची वायर मुळात एका बोल्टने पत्र्याला आवळलेली होती. बाबांनी तोच बोल्ट काढून दांडा बसवला आणि वायर दांड्याच्या पायाखाली दाबली. पण बसवण्याआधी सगळं रंगवलं. पाया, पत्रा, बोल्टसुद्धा. रंगातून करंट जात नाही. कुणी दांड्यावर भार टाकला की पाया कलायचा आणि बोल्टाचा आटा कुठेतरी उघड्या लोखंडाला लागायचा. उठताना, बसताना, कूस बदलताना आई दांडा धरायची. नंतर धरायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या कुणी एवढा रंग दिलाच नसता. बाबांना उघडं लोखंड बघवत नाही. आमच्या घरी लहानपणी खिळेसुद्धा रंगवलेले असायचे.

"बाबा, इथला रंग खरवडावा लागेल."

"निळ्याचे दोन हात दिलेत. वर वॉर्निश. तिच्या हाताला लोखंड गार लागू नये म्हणून."

"वरचा नाही खरवडत. पायाखालचा, दिसणार नाही असा."

बाबा उठले, कपाटातून पॉलिश पेपर काढून माझ्या हातात दिला. "गोल घास. आडवा-उभा घासू नकोस, ओरखडे पडतात."

मी गोल घासलं. निळ्याखाली पांढरा होता, पांढऱ्याखाली लाल, मग चकचकीत लोखंड. वायर बसवली, बोल्ट आवळला. बटण दाबलं. दिवे लागले आणि कुणी काही न धरता लागलेले राहिले. दांडा हलवून पाहिला. काही फरक पडला नाही.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हाताला रंगाची भुकटी लागली होती, ती पुसली.

दादाकडे बघितलं. त्याला वाईट वाटेल, हट्ट मोडला म्हणून चिडेल, असं मी धरून चालले होते. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. किल्ली खुळखुळायची थांबली होती. "चला, बरं झालं," तो म्हणाला आणि वहिनीला फोन लावायला बाहेर गेला. मी त्याला मनात शिवी घातली. मग लक्षात आलं की त्याची अट ऐकल्यापासून देवाची करावी तशी मी या बॅटरीची आराधना करत होते. माझ्याकडेही एक खोली आहे. तिच्याबद्दल मी सकाळपासून चकार शब्द काढला नव्हता.

बाबा पलंगावर बसले. आधी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"छान झालं काम," ते म्हणाले. "दोघंही सुटलात."

मी पाना, मीटर पिशवीत टाकला. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण खोटं बोलण्याइतकी ताकद नव्हती.

"रविवारी येते," मी म्हणाले.

"ये. येताना निळ्या रंगाचा लहान डबा आण. पायाखालचं लोखंड उघडं राहिलंय."

"त्याला रंग लावायचा नाही, बाबा. पुन्हा दिवे जातील."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि दांडा धरून आडवे झाले.