चांगल्या माणसाचं नाव

दांडी गावात एक रीत होती आणि ती कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नसे. होडी समुद्रावर गेली की ती परत येईपर्यंत तिच्यावरच्या माणसाचं नाव किनाऱ्यावर घ्यायचं नाही. आई लेकाला 'आमचा पोऱ्या' म्हणायची, बायको तर एरवीही नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि पोस्टमननं दारात येऊन नाव पुकारलं तर घरातली बाई आधी त्याला हातानं गप्प करायची, मग पत्र घ्यायची. का म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं सांगत, पाण्याला ऐकू येतं. एकनाथही लहानपणापासून हे पाळत आला होता. पण मॅट्रिक झालं की माणसाला पुष्कळ गोष्टी हसण्यावारी नेता येतात, मग ते मॅट्रिक दुसऱ्या खेपेला का झालेलं असेना.

बाप गेल्यापासून घर चालवलं ते थोरल्या भावानं, कमलाकांतनं. तो होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात आणि सगळ्या खलाशांचा जीवही. एकनाथची फी त्यानं भरली, त्याला बोईसरला जायला सायकल घेऊन दिली. धाकट्याला होडीवर पाय ठेवला की ओकाऱ्या होतात हे गावभर झालं होतं. कमलाकांत मात्र त्यावरून कधी हसला नाही. त्यानं फक्त मुदत घातली होती. शिमग्यापर्यंत नोकरी, नाहीतर होडी.

साल होतं पासष्ट. तारापूरच्या पलीकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, ट्रकांच्या धुरळ्यानं झाडं पांढरी पडली होती आणि बोईसर स्टेशनावर रोज नवी, हिंदी बोलणारी माणसं उतरत होती. एकनाथनं चार ठिकाणी अर्ज टाकले. चारही ठिकाणी त्याला एकच विचारलं गेलं, कुणाच्या ओळखीचे? तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

म्हणून त्यानं क्लास लावला. बोईसरला भाताच्या गिरणीच्या माळ्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक मास्तर दर रविवारी सकाळी तरुणांना पुढे कसं यावं ते शिकवत. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. त्याचं नाव, गाव, मुलंबाळं लक्षात ठेवा. आधी उपयोगी पडा, मग मागा. आठवड्याला आपल्यापेक्षा मोठ्या पाच माणसांशी ओळख करा आणि वहीत लिहून आणा. एकनाथ या विद्येच्या हात धुवून मागे लागला. दोन महिन्यांत त्याला पालघरच्या कचेरीतल्या कारकुनांपासून कामावरच्या शिपायांपर्यंत चाळीसेक माणसं नावानिशी पाठ झाली. कुणाच्या मुलीचं लग्न ठरतंय, कुणाला मधुमेह आहे, कुणाला पापलेट आवडतं आणि कुणाला सुका बोंबील चोरून खायला लागतो, सगळं त्याला ठाऊक होतं. तो पानात बांधून मासे पोचवायचा. लोक मासे खायचे, तोंडभर हसायचे आणि पुन्हा ये म्हणायचे. नोकरीचं नाव कुणी काढत नव्हतं.

असा तो एका रविवारी क्लास सुटल्यावर हिरमुसून बसला असताना शेवटच्या बाकावरून कुणीतरी त्याला हाक मारली. पन्नाशीचे एक साहेब तिथं बसले होते. पांढरा कोट, चेहरा गुळगुळीत, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांच्या अंगाला ओहोटीच्या चिखलाचा हलका वास येत होता आणि त्यांच्याखालचा बाक ओला होता. किनाऱ्याच्या माणसाला या दोन्हींचं काय वाटणार? एकनाथनं नमस्कार करून स्वतःचं नाव सांगितलं. साहेबांनी मान हलवली. बांधकामावरच्या ऑफिसात आपला शब्द चालतो, एवढं ते म्हणाले.

एकनाथ मागायला तोंड उघडणार तोच त्यांनी बोट वर केलं.

"आधी द्या, मग मागा. मलाही माणसं लागतात. खोल पाण्यातलं काम आहे. तुमच्या गावातला एखादा चांगला माणूस सुचवा."

केंद्राला समुद्राचं पाणी लागणार, त्यासाठी पाण्यात मोठे नळ टाकणार हे एकनाथनं ऐकलं होतं. साहेब त्यातलेच ठेकेदार असणार हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं. त्याला चिंतू आठवला. गावात चिंतूसारखा बुडी मारणारा दुसरा नव्हता. चिंतू शनिवारीच होडीवर गेलाय हेही त्याच क्षणी आठवलं आणि जीभ जराशी अडली. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. माळ्यावर बसून यशस्वी व्हायचे धडे गिरवायचे आणि म्हातारीच्या गोष्टींना भ्यायचं? त्यानं चिंतूचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, होडीचं सांगितलं. साहेबांनी ते नाव हळूच, सावकाश पुन्हा उच्चारलं. चव घेतल्यासारखं.

मंगळवारी एकनाथला एका ठेकेदाराच्या ऑफिसातून बोलावणं आलं. टाइमकीपर, रोजंदारीवर का होईना. बुधवारी चिंतूची होडी आली ती चिंतूशिवाय. खलाशी सांगत होते, समुद्र निपचित होता, चिंतू मागच्या फळीवर विडी ओढत बसला होता. वळून बघितलं तर फळीवर विडी जळत होती आणि चिंतू नव्हता. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नव्हता.

एकनाथनं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. बघायच्याच नव्हत्या त्याला. महिनाभर त्यानं मजुरांच्या हजेऱ्या घेतल्या, इस्त्रीचा सदरा घातला आणि घरात पहिल्यांदा मान वर करून जेवला.

मग एके दिवशी भर दुपारी, कामावरून काही निरोप घेऊन गावाकडे येताना, खाडीच्या कडेला त्याच्या सायकलची साखळी उतरली. ओहोटी होती. समोर नुसता काळा चिखल पसरला होता, गुडघा बुडेल असा. त्या चिखलातून साहेब चालत आले. बूट कोरडे, स्वच्छ. मागे पावलांची एकही खूण नव्हती.

"चिंतू छान रुळला आमच्याकडे," ते म्हणाले. "तुमची निवड चांगली आहे. आता दुसरा सांगा. तुम्हाला कायमची नोकरी, राहायला खोल्या. माझ्याकडे सुकाणू धरणारा कुणी नाही."

एकनाथची पाचावर धारण बसली. भर उन्हात त्याचे दात वाजायला लागले. नाही, कुणी नाही, माझ्या ओळखीचं कुणी नाही, असं तो काहीतरी बडबडला. साहेब रागावले नाहीत. घाई नसल्याचं त्यांनी सांगितलं. माणूस कधीतरी आपणहूनच सांगतो, असंही म्हणाले आणि आले तसे चिखलातून परत गेले. एकनाथ सायकल खांद्यावर टाकून पळत सुटला.

पुढच्या रविवारी त्यानं मास्तरांना शेवटच्या बाकावर कोण बसतं ते विचारलं. मास्तरांनी त्याला मागे नेऊन बाक दाखवला. त्याचे दोन पाय कुजून गळून पडले होते आणि तो भिंतीला टेकवून ठेवलेला होता. गेली दोन वर्षं त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. एकनाथनं कानाला खडा लावला. क्लास सोडला, खाडीचा रस्ता सोडला, लांबच्या वाटेनं जाऊ लागला. एकच गोष्ट त्यानं केली नाही. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे चिंतूच्या बायकोच्या तोंडाकडे बघायला लागलं असतं, आणि तेवढी छाती त्याला नव्हती. इथंच तो चुकला, असं मला वाटतं; बाकीच्या चुका माणूस करतोच.

शिमगा आठ दिवसांवर आला आणि त्याच ऑफिसातून दुसरं पत्र आलं. भांडारात कारकून, कायम, राहायला दोन खोल्या, मुलाखतीला यावे. एकनाथनं पत्र दहादा वाचलं. यात साहेबांचा हात कसा असेल? त्यानं तर कुणाचं नाव दिलं नव्हतं. हे चोरून बोंबील खाणाऱ्या तिथल्या हेडक्लार्कचं काम, आपल्या चाळीस ओळखींचं फळ, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि ती त्याला पटलीही. कमलाकांतला तर आभाळ ठेंगणं झालं. होडी ढकलताना तो धाकट्याच्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाला, "मी चार दिसांनी येतंय. नोकरी लागली का पयला मला सांगायचा, आयेला पन नाय." एकनाथ हसला. वहिनी, नलू, लांब उभी राहून बघत होती.

मुलाखत होती चौथ्या दिवशी, सकाळी अकराला. पत्र्याच्या शेडमधलं ऑफिस होतं. आतल्या साहेबाच्या खोलीला अर्धं दार होतं, वरून खालून मोकळं. हेडक्लार्क दिलखुलास बोलला. मुलाखत कसली, नुसता उपचारच होता. शेवटी त्यानं एक छापील फॉर्म पुढे सरकवला. एकनाथनं तो वळणदार अक्षरात भरला. स्वतःचं नाव, वय, शिक्षण. मग कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव. व्यवसाय. सध्याचा मुक्काम.

त्यानं भावाचं नाव लिहिलं. अभिमानानं लिहिलं, या रकान्यात दुसरं कुणाचं नाव शोभलं असतं? व्यवसाय, तांडेल. मुक्काम, समुद्रावर. लिहिताना त्याच्या मनात काही आलंच नाही. चांगल्या माणसाला नोकरी लागते तशी आपल्याला लागते आहे, यापलीकडे त्या क्षणी त्याला काही दिसत नव्हतं.

"वाचा मोठ्यानं," हेडक्लार्क रजिस्टर उघडत म्हणाला. "मी उतरून घेतो."

एकनाथनं स्पष्ट आवाजात सगळं वाचलं.

अर्ध्या दारामागून कुणीतरी ते नाव पुन्हा उच्चारलं. हळूच, सावकाश. कमलाकांत, मग वडिलांचं नाव, मग आडनाव.

हेडक्लार्कनं मानसुद्धा वर केली नाही. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. एकनाथनं धावत जाऊन दार ढकललं. आत कुणी नव्हतं. खुर्चीखाली पाणी साचलं होतं आणि चिखलाचा वास कोंदला होता. मोठे साहेब आज मुंबईला गेलेत, मागून हेडक्लार्क सांगत होता, सोमवारपासून या, तुमचं काम झालं. एकनाथनं फॉर्म हिसकावून घेतला, फाडला, तुकडे तोंडात कोंबले. त्यानं काय होणार होतं? बोललेलं नाव काही फाडता येत नाही.

दांडीला जाऊन तो किनाऱ्यावर होडीची वाट बघत राहिला; होता होता उन्हं उतरली. बायका टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या होत्या. भावाची होडी दिसली. ती वाकडीतिकडी येत होती. सुकाणू एका नवख्या खलाशाच्या हातात होतं.

खलाशी खाली उतरले आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. मग त्यातल्या थोरल्यानं सांगितलं. सकाळी अकराचा सुमार असेल. तांडेल सुकाणू धरून हसत होता, भाऊ आज साहेब झाला असेल म्हणून सगळ्यांना सांगत होता. बोलता बोलता आवाज थांबला. बघितलं तर सुकाणू एकटंच हलत होतं. चार तास शोधलं. पाणी आरशासारखं होतं.

नलू वाळूत बसली. रडली नाही, टोपली तशीच मांडीवर धरून बसून राहिली. रंभाबाई, एकनाथची आई, मात्र त्याच्याकडे बघत होती. आईच ती. पोराच्या ओठाच्या कडेला अडकलेला कागदाचा कपटा तिनं बोटानं काढला आणि काय झालं ते विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. क्लास, शेवटचा बाक, चिंतू, खाडी, फॉर्म. "मीच सांगितला नाव, आये," तो म्हणाला. "दादाचा नाव मीच सांगितला."

रंभाबाईनं त्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. तिनं पदर खोचला आणि त्याचे दोन्ही दंड धरले.

"कुनाला सांगितलास? मी जातंय त्याच्याकडं. पाया पडन त्याच्या. माझा नाव घे म्हनन, पोराला सोड. कोन तो? नाव काय त्याचा?"

एकनाथनं तोंड उघडलं. हेडक्लार्कच्या तिन्ही मुलांची नावं त्याला येत होती. शिपायाच्या गावाचं, मामलेदारांच्या सासऱ्यांचं, स्टेशनमास्तरच्या कुत्र्याचंसुद्धा नाव येत होतं. त्या माणसाशी तो दोनदा समोरासमोर बोलला होता, आणि आपली नोकरी डोळ्यांपुढे ठेवून त्यानं त्याला एवढं कधी विचारलंच नव्हतं.

"सांग ना," आई म्हणाली. "नाव असला म्हंजे मानूस गवसतो."

नलूनंही मान वर केली होती. भरती लागली होती आणि पाणी तिच्या टोपलीपर्यंत आलं होतं. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.