एक खाच रिकामी असू द्या

मी स्विच बोलतोय. दिवा लावायचा नव्हे. तो सुखी आहे, दाबला की त्याचं काम संपलं. मी इंटरनेटच्या वायरी जोडायचा डबा. आठ खाचा, आठ हिरवे दिवे आणि कैरोच्या शुब्रा भागातल्या एका घराच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिळ्याला टांगलेला.

घर चार मजली, प्रत्येक मजल्यावर एक भाऊ. इंटरनेट मात्र सगळ्यांत एकच, तळमजल्यावरच्या राउटरचं. त्याच्या चार खाचा भरल्या तेव्हा धाकटे इसाम मला घेऊन आले. पुढे त्यांना गच्चीवर कबुतरांच्या खुराड्यापाशी बसून मॅच बघायची हुक्की आली. मग माझ्यापासून वायर ओढून वर आणखी एक स्विच लावला. ती वायर कुरकुर करायला लागली, तशी शेजारून नवी ओढली. जुनीचं वरचं टोक गच्चीवरच्या स्विचमध्ये तसंच राहिलं आणि खालचं माझ्या नाकासमोर लोंबत राहिलं. "बुकरा काढतो," इसाम म्हणाले. बुकरा म्हणजे उद्या. तो उद्या अजून उजाडायचाय.

एका शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर रगदाची फातिहा ठरली. दोन्हीकडच्यांनी हात पसरून फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना, वाचली की सोयरीक पक्की. नवरामुलगा शेहाब कुवेतला नोकरीला. शुक्रवारचीही ड्यूटी, म्हणून दुपारच्या सुट्टीत तो पडद्यावरून हजर राहणार होता. रगदाचे वडील, तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ फतही, मुळातच नाखूश. ज्याचं तोंड फातिहालाही दिसत नाही त्याच्यामागे मुलगी परदेशी धाडणार नाही, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. रगदाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

पाहुणे यायचे म्हणून करीमा जिना धुवायला निघाल्या. या फतहींच्या बिनलग्नाच्या थोरल्या बहीण, घरातल्या पोरांच्या अम्मतो, म्हणजे आत्या. रगदाची आई गेल्यावर तिला यांनीच वाढवलं. त्यांनी पायरी न् पायरी घासली, कठडा पुसला, मान वर केली आणि ती लोंबती वायर दिसली. पाहुणे काय म्हणतील? त्यांनी टोक ओढणीला पुसलं आणि माझ्या रिकाम्या खाचेत खुपसलं.

झालं! मी वर पाठवलेला निरोप दुसऱ्या वायरीनं माझ्याकडेच परत आला. मी तो पुन्हा पाठवला, तो पुन्हा आला. एकाचे हजार झाले, खाली राउटरचाही श्वास कोंडला. माझे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकू लागले. मी बोंब ठोकतोय आणि अम्मतो कौतुकानं म्हणतात, "जरा पुसलं तर कसा खुलला बघा!"

वर पाहुणे बसले, पडदा काळाच. इसामांनी राउटर बंद-चालू केला, मग मला, मग पुन्हा राउटर. चारही मजल्यांवरून जिन्यात हाका सुरू झाल्या. कुणी कंपनीला शिव्या घातल्या, कुणी दृष्ट लागली म्हणालं. मोबाइलच्या सिग्नलला आमच्या जाड भिंती कधी मानवल्याच नाहीत. अम्मतोंनी धूप पेटवून माझ्याभोवती ओवाळला. इसामांचं मत पडलं की माझ्यात दम नाही, आणखी एक स्विच जोडू. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

शरबताचे पेले भरून ठेवलेले, त्यातला बर्फ विरघळून गेला. फतही उठले आणि म्हणाले, पुरे झालं.

रगदा धावत खाली आली. तिनं ओल्या पायऱ्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"अम्मतो, इथं एक वायर लोंबत होती ना?"

"मी खोचली. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का असलं?"

रगदानं ती ओढून काढली. क्षणात मी शांत झालो. वरून शेहाबचा आवाज आला, ऐकू येतंय का म्हणून. अम्मतोंचा चेहरा पांढराफटक पडला. रगदानं त्यांचा हात घट्ट धरला आणि वर ओरडून सांगितलं, "अम्मतोच्या धुपानं चालू झालं!"

फातिहा वाचली गेली. आनंदाची पहिली ललकारी अम्मतोंचीच होती, रडक्या गळ्यानं.

तेव्हापासून नेट जरा अडलं की मला धूप दाखवतात. गळ्यात दृष्टीचा निळा मणीही बांधलाय. धुरानं माझा जीव नकोसा होतो, पण सांगणार कुणाला? बाबांनो, जोडायचं तेवढं जोडा. फक्त कुठली वायर कुठून आली ते आधी बघत जा.

रगदा आता कुवेतला असते. दर शुक्रवारी तिचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी अम्मतो गुडघे धरत खाली येतात आणि ती वायर लोंबतेय ना, ते बघून जातात. परवा एका शेजारणीनं सहज ती उचलून खोचायला घेतली. अम्मतोंनी तिचं मनगटच पकडलं.

"लोंबू दे गं," त्या म्हणाल्या. "ती खोचली की माझी पोर दिसत नाही."