काळ्या वायरी

पंच्याण्णव साली डोके सरांच्या क्लासमधला कॉम्प्युटर जळाला, तेव्हा सरांनी अख्ख्या जुन्नरला सांगितलं, "रेडिओवाल्या वजीरनं हात लावला म्हणून जळाला." वजीरनं फक्त धूळ पुसली होती. कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डाला वीज देणारे दोन सारखेच दिसणारे प्लग सरांनीच उलटे ठोकले होते. पण सरांपुढं मेकॅनिकचं कोण ऐकतंय? वर्षभर वजीरच्या दुकानाकडं कुत्रंही फिरकलं नाही.

सात वर्षांनी सरच तसलाच एक जुना, बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन दुकानात आले. कॉम्प्युटरच्या नव्या दुकानदारांनी हात वर केले होते. वजीरनं बोर्ड काढला. बॅटरी गळून तांब्याची एक रेघ खाल्ली गेली होती. चार तास खपून त्यानं तिथं केसाएवढी तार जोडली. बाकड्यावर चहा पीत बसलेली माणसं बघत होती.

मग त्यानं ते दोन प्लग सरांच्या हातात दिले. "तुमीच लावा सर. न्हाईतर पुन्ना माझं नाव निघायचं."

"अरे, आम्ही हे शिकवतो!" सरांनी प्लग दाबून बसवले.

दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी यायला हव्या होत्या. त्या दोन टोकांना गेल्या. वजीरनं ते पाहिलं, आणि तो दोन पावलं मागं सरला.

"चालू बी तुमीच करा."

सरांनी बटण दाबलं. फट्ट झालं, धूर निघाला. वास तोच, सात वर्षांपूर्वीचा.

बाकड्यावरची माणसं उठून बघायला आली.

"आता सांगा की सर अख्ख्या जुन्नरला," वजीर म्हणाला, "कुणी हात लावला व्हता ते."