डाव्या पायातली गजभियांची चप्पल

विमलाबाईंच्या मणक्यातली गादी सरकली आणि अख्ख्या वारज्याला डॉक्टरकीची हुक्की आली. कुणी म्हणे तेल चोळा, कुणी म्हणे उलटं लटका. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. पाठीला सुरी लावू द्यायची नाही, माणूस जन्माचा खाटेला खिळतो! बाईंच्या मनात नेमकं हेच भूत बसलेलं. त्यामुळे डॉक्टरांनी, "सध्या थांबू, पण पाय बधिर झाला किंवा पंजा उचलेना, तर लगेच या. उशीर झाला तर गेलेला जोर परत येईलच असं नाही," म्हणून बजावलं, तेव्हा बाईंनी त्यातलं 'थांबू' तेवढं घरी आणलं.

आणि खरंच, ठणका उतरला की! बाई खूश. पौर्णिमेला हट्टाने एकट्या रिक्षाने बुद्धविहारात वंदनेला जाऊनही आल्या.

दारातच वैजनाथरावांनी बायकोला खाली-वर न्याहाळलं.

"पंचशील घेऊन आलीस ना?"

"हो. का हो?"

"त्यातलं दुसरं शील कोणतं गं?"

"न दिलेलं घेणार नाही. एवढंही विसरलात?"

"मी नाही विसरलो. पायात बघ."

उजव्या पायात बाईंची तपकिरी चप्पल. डाव्या पायात मात्र होडीएवढी काळी, पुरुषी! तेवढ्यात बेल वाजली. विहारातले इंद्रजीत गजभिये बाईंची इवलीशी चप्पल हातात धरून एका पायाने अनवाणी उभे होते.

"जय भीम, काकू. घालून पाहिली, पण मला बसेना."

मग काय, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पण बाईंची लेक उत्कर्षा एकदम हसायची थांबली.

"आई, एवढी ढगळ चप्पल तुला जाणवली कशी नाही?"

"घाईत होते गं."

"बस इथे. डोळे मीट. मी बोट लावलं की सांग."

बाई डोळे मिटून बसल्या. बराच वेळ गेला.

"अगं, लाव की लवकर!"

"आई... केव्हाचं लावलंय."

बाईंनी डोळे उघडले. लेकीचं बोट अंगठ्यावर रुतलेलं. त्यांनी पंजा उचलून पाहिला, तो हलेना. ठणका उतरला म्हणून पेढे वाटायला निघालेली बाई ती! बरं होणं कसलं, पाय हातचा चालला होता.

"सुरीची भीती वाटते गं मला, फार वाटते," त्या म्हणाल्या, "पण माझाच पाय मला परका झाला, त्याची त्याहून जास्त वाटते. चला, डॉक्टरांकडे. आत्ता!"

"गाडी खालीच आहे," गजभिये म्हणाले.

शस्त्रक्रिया लगोलग झाली. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बाईंना धरून उभं केलं. पंजा अजून अर्धामुर्धाच उचलला जात होता, जोर हळूहळू येईल असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी भीतभीत डावं पाऊल जमिनीवर टेकवलं आणि केवढ्याने तरी ओरडल्या,

"अहो, फरशी गार आहे!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"फरशी गारच असते," वैजनाथराव म्हणाले. बोलले ते नेहमीच्या तुटक आवाजात, पण डोळे शर्टाच्या बाहीला पुसावे लागले.

"असू द्या हो," बाई रडता रडता हसत म्हणाल्या, "पण मला लागली ना!"