फेकायचं तेल

कारखान्याच्या कँटीनचा आचारी हाताचा सढळ, पण टाकून देणं म्हणाल तर त्याच्या जिवावर येई. तिथला नियम असा, की तळणीचं तेल काळपट पडलं की पिंपात ओतायचं. ते साबणवाला घेऊन जाई. आता सांगा, माणसांच्या तोंडचं तेल साबणाला? आचारी त्यातलं थोडं गुपचूप बाजूला काढी, फडक्यातून गाळी, पुन्हा तापवून कच्च्या बटाट्याच्या चकत्या सोडी. वास बराच उतरे. महिन्याला दोन लिटरचा डबा सायकलला अडकवून घरी. अशी अकरा वर्षं. बायको डबा घेऊन म्हणे, "आणलंत? बरं झालं." तेवढ्यानेच गडी खूश. दोन लिटरमध्ये तिघांचा महिना काढते म्हणून तिच्या काटकसरीचे गोडवे तो कँटीनभर गाई. घरच्या स्वयंपाकघरात मात्र त्याने कधी पाऊल टाकलं नाही. दिवसभर तेच करून जीव विटलेला असे.

दोन वर्षांपूर्वी बायकोचं पोट बिनसलं. आधी मुरडा, मग रक्त. हे करून पाहा, ते करून पाहा झालं. दुखणं काही हटेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं. आतडं सुजलेलं होतं, आणि एका जागी त्यांची नजर अडली. तिथला तुकडा काढून त्यांनी तपासणीला पाठवला.

"सूज अशी वर्षानुवर्षं राहिली की कॅन्सरचा धोका वाढतो," बाई म्हणाल्या. "खाण्यातल्या तेला-चरबीचाही हात असू शकतो. छातीठोक कोणी सांगणार नाही, पण विचारून ठेवते. घरात तेल कोणतं असतं?"

विचारलं बायकोला, उत्तर दिलं आचाऱ्याने. "चांगलंच असतं. मी स्वतः आणतो."

बायको हातातले कागद सारखे करत राहिली. बाईंनी तसंच लिहून घेतलं. दोनशे माणसांना जेवू घालणारा हा बाप्या, आणि खरं बोलायच्या वेळी खोटं बोलून मोकळा झाला. नोकरी जाईल ही भीती नव्हती. आपल्याच हाताने हिच्या पोटात काय घातलं, हे त्याला तिच्यासमोर म्हणवेना.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. दवाखान्याचा फोन चौथ्याच सकाळी आला. दोघांनी आजच या, घरातलं खाणंपिणं नीट कागदावर लिहून आणा.

"काय निघालं?" त्याने विचारलं.

"ते बाईच सांगतील हं, काका," पलीकडची मुलगी म्हणाली. आवाज फार मऊ होता. चांगल्या बातमीला एवढा मऊ आवाज लागत नाही, हे त्यालाही कळत होतं.

त्याला एकदम पोर आठवली. नुकती कॉलेजात जायला लागलेली, याच डब्यातलं खाऊन मोठी झालेली. मग कागद घेऊन तो टेबलाशी बसला.

"अगं, मी बाईंशी खोटं बोललो."

"माहीत आहे." ती जुने रिपोर्ट पिशवीत भरत होती.

"हे तेल तिथे फेकायचं असतं."

"तेही माहीत आहे. पहिल्याच डब्याला वास आला होता. माझं नाक तुमच्यासारखं तळणीवर करपलेलं नाही."

त्याला मान वर करवेना. त्याने लिहिलं: कँटीनचं वापरलेलं तेल, अकरा वर्षं. खाणारी माणसं तीन.

तिने खांद्यावरून वाकून वाचलं. "तीन नका लिहू. तुमचं आणि पोरीचं मी दुकानातल्या तेलात करायचे. पहिल्यापासून."

"मग माझे डबे?"

"एवढ्या कौतुकाने आणायचात, ओतून कसं द्यायचं? माझ्यापुरतं करून संपवायचे." तिने पिशवीची चेन लावली. "खोडा ते तीन. एक लिहा, आणि चला."